नाव रिकामं आलं तर

४ फेब्रुवारी

बाबा,

फोनवर माझा आवाज ऐकला की तुम्ही तो आईच्या हातात देता. आई 'जेवलीस का'च्या पुढे जात नाही, कारण तुम्ही शेजारीच कान देऊन बसलेले असता. म्हणून कागद. औषधाच्या खोक्यातली घडी घातलेली बारीक अक्षरांची चिठ्ठीसुद्धा तुम्ही शेवटपर्यंत वाचता, तेव्हा हेही वाचालच.

खुशाली विचारायला लिहीत नाहीये. अधीक्षकांनी तुमच्याकडून एक प्रमाणपत्र मागवलंय असं काल कानावर आलं. रुग्णालयाच्या कॉम्प्युटरवर नमुन्यांच्या नळ्यांसाठी लेबलं छापणारी, तुम्ही नोकरीत असताना लिहिलेली स्क्रिप्ट निर्दोष आहे, असं तुम्ही लिहून द्यायचं. दिलं नसेल तर देऊ नका. काम एवढंच होतं. पण एवढ्यावर ऐकाल तर तुम्ही बाबा कसले, म्हणून झालं ते सगळं सांगते.

मागच्या आठवड्यात कॅज्युअल्टीत एका बेशुद्ध माणसाला आणलं. गाडीने उडवलेला. खिसे रिकामे, सोबत कोणी नाही. काउंटरवर नोंद झाली, पण नावाचा रकाना मोकळा राहिला, कारण नाव कोणाला ठाऊकच नव्हतं. सिस्टरने त्याचं रक्त काढलं, प्रिंटरमधून लेबल आलं, तिने ते नळीला चिकटवलं. लेबलवर मात्र नाव होतं. त्याच्या आधी ज्याची नोंद झाली होती त्या म्हाताऱ्या शिंप्याचं. तो पोटाच्या ऑपरेशनसाठी भरती झाला होता.

पुढचं तुमच्या लक्षात आलं असेल. बेशुद्ध माणसाचा रक्तगट शिंप्याच्या नावावर चढला. ऑपरेशननंतर शिंप्याला त्या गटाचं रक्त चढवलं. थोडं गेलं असेल-नसेल, म्हातारा थडथड कापायला लागला, पाठ दुखते म्हणून ओरडायला लागला. वॉर्डातल्या मुलीने ताबडतोब रक्त बंद केलं म्हणून वाचला. सध्या आयसीयूत आहे. त्याची बायको बाहेरच्या बाकावर बसून असते. तिला कोणी काही नीट सांगत नाही, आणि तीही विचारत नाही. मला ते विचारण्यापेक्षा जास्त लागतं.

आणि ज्या सिस्टरने रक्त काढलं होतं तिला सस्पेंड केलंय. 'लेबल न वाचता चिकटवलं' असा ठपका. मी तिच्या घरी जाऊन आले. दारातच म्हणाली, "वाचलं होतं हो मी! नाव दिसलं तेव्हा बरंच वाटलं. म्हटलं, पोलिसांना काहीतरी सापडलं असणार, ओळख पटली बिचाऱ्याची. ज्याचं नावच मला माहीत नाही, त्याचं नाव चुकलंय हे मी कशावरून ओळखायचं?"

तुमच्याकडे आहे ह्याचं उत्तर? ते शोधायला मी ऑफिसात येऊन तुमची फाइल उघडली. ही ओळ तुम्हाला पाठ असेल:

`[ -n "$nav" ] && rugna="$nav"`

आलेलं नाव रिकामं नसेल तर ते rugna नावाच्या कप्प्यात भर. आणि रिकामं असेल तर? तर काहीच करू नकोस. स्क्रिप्ट दिवसभर एकामागून एक नोंदी वाचत बसलेली असते, त्यामुळे rugna मध्ये आधीच्या माणसाचं नाव तसंच बसून राहतं आणि पुढच्याच्या लेबलवर छापलं जातं. मी खोट्या नोंदी घालून पाहिलं. प्रत्येक वेळी तेच.

तुम्ही ती ओळ का लिहिलीत तेही मला कळतंय. तेव्हा काउंटरवरचे काका एका रुग्णाच्या चार नळ्या असल्या की नाव फक्त पहिल्या ओळीत टाकायचे आणि खालच्या ओळी मोकळ्या सोडायचे. त्यांच्या आळसावर तुम्ही तोड काढलीत, आणि ती चांगलीच होती. पण काका निवृत्त झाले. आता प्रत्येक नळीची नोंद वेगळी होते, आणि मोकळ्या रकान्याचा अर्थ एकच उरलाय: ह्या माणसाचं नाव आम्हाला माहीत नाही.

तेव्हा सही करू नका.

तुमची मुलगी

१५ फेब्रुवारी

बाबा,

केलीतच ना सही!

प्रमाणपत्र अधीक्षकांच्या टेबलावर पाहिलं. 'सदर स्क्रिप्ट आजतागायत अचूक चालत असून, लेबल चिकटवताना हलगर्जी झाली असावी.' हलगर्जी! ज्या बाईला तुम्ही पाहिलेलं नाही, तिच्याबद्दल हा शब्द तुम्ही कुठून काढलात? की त्यांनी मजकूर पाठवला आणि तुम्ही खाली नाव टाकलंत? तसं असेल तर ते जास्त वाईट. दुसऱ्याने लिहिलेलं न तपासता चालवायचं नाही, हे मला कोणी शिकवलं?

दादाच्या फोनवरून तुमचा निरोपही मिळाला. 'इतकी वर्षं चाललेल्या स्क्रिप्टला कोणी शहाणपण शिकवू नये.' ह्यातला 'कोणी' म्हणजे मी. सरळ तसं लिहायचं.

खरं काय ते मला माहीत आहे. तुम्हाला अजून तो टक्का टोचतोय. निवृत्त झाल्यावरही तुम्ही रोज डबा घेऊन माझ्या ऑफिसात यायचात, माझ्या खुर्चीत बसायचात आणि मी स्टुलावर. पगारपत्रकाच्या स्क्रिप्टमध्ये नावाच्या शेवटचा शब्द कापायला तुम्ही टक्क्याचं चिन्ह दोनदा (%%) लिहिलं होतं, म्हणून पहिला शब्द सोडून सगळंच उडत होतं. मी त्यातलं एक चिन्ह काढलं. तुम्हाला ते कळलं, तेव्हा चार माणसांदेखत विचारलंत, "माझ्या फाइलला हात लावलास?" मी म्हटलं, "फाइल रुग्णालयाची आहे बाबा, आणि खुर्ची आता माझी." त्याच महिन्यात तुम्ही आईला घेऊन दादाकडे गेलात. सगळ्यांना सांगितलंत की तिथली हवा चांगली आहे.

ते वाक्य मी परत घेणार नाही. आधीही घेतलं नाही, आत्ताही घेत नाही. परीक्षा देऊन मिळवलेली नोकरी आहे ती.

अधीक्षकांशी माझं काय बोलणं झालं ते ऐका. तुम्ही ज्यांची बाजू घेताय ते कसे आहेत ते तरी कळू दे. मी तुमची ती ओळ छापून त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी चष्मा लावला, काढला.

"हे मला काही समजत नाही," म्हणाले.

"मी समजावते."

"नको. तुमच्या वडिलांनी लिहून दिलंय, मला तेवढं पुरे. आणि एक सांगू का? वडील निवृत्त झाल्यानंतर ह्या स्क्रिप्टांना हात फक्त तुमचा लागलाय. दोष निघालाच, तर तो कोणाच्या माथी बसेल? विचार करा. सिस्टरला काय, दोन महिने घरी बसवू, मग घेऊ परत."

"आणि तिच्या नोंदवहीत काय लिहाल?"

"ते राहतं थोडंसं."

"मग माझं नाव लिहा," मी म्हटलं. "तिचं काढा. पण चौकशी समितीसमोर मी ही ओळ दाखवणार म्हणजे दाखवणार."

ते हसले. वडीलधारी माणसं हसतात तसे. "तुम्ही अगदी वडिलांवर गेलायत." त्यांना वाटलं, मी ह्याने विरघळेन. मी कागद उचलला आणि निघाले.

आईचा काल गच्चीवरून फोन आला होता. वारा एवढा होता की निम्मं ऐकू आलं नाही. म्हणाली, "तुझं पत्र वाचून दोन दिवस जेवायला ताटावर बसतात आणि तसेच उठतात. काय लिहिलंयस एवढं? मला दाखवत नाहीत." मी म्हटलं, "त्यांच्या कामाचं आहे." तर म्हणते कशी, "तुमचं दोघांचं कामाचंच असतं सगळं. मी मधे पोस्टाची पेटी."

इथे सगळं ठीक आहे.

तुमची मुलगी

२ मार्च

बाबा,

तुमचं पत्र मिळालं. तुम्ही स्वतःच्या हाताने लिहिलंत म्हणजे राग खराच आहे. 'समितीसमोर माझ्याविरुद्ध बोललीस तर पुन्हा मला तोंड दाखवू नकोस.'

बरं. नाही दाखवणार. तसंही ते तुम्ही दोन वर्षांत पाहिलेलं नाही. पण बोलणार.

आणि 'तुझी नोकरी जाईल' असं जे पुढे लिहिलंयत, त्यात काळजी किती आणि दटावणी किती हे मला कळलं नाही. कदाचित तुम्हालाही कळलं नसेल. ऑफिसची किल्ली काढून घेतलीय माझ्याकडून, हे तुम्हाला दादाकडून कळेलच, म्हणून मीच सांगते. सध्या भांडारात बसते. चादरी मोजते. तिथे खिडकी आहे, ऑफिसात नव्हती. शिंपी आयसीयूतून वॉर्डात आलाय, त्याची बायको येता-जाता चादरी शिवून देऊ का म्हणून विचारते. त्यांच्या घरात कोणाचे हात रिकामे राहत नाहीत बहुतेक.

सिस्टरकडे परवा पुन्हा गेले. तिचा नवरा म्हणाला, "सोडून द्या ना ताई. आम्ही दुसरीकडे बघू." सिस्टर आतून ओरडली, "कुठेही गेले तरी विचारतील ना, आधीची नोकरी का सुटली! काय सांगू? वाचता येत नाही म्हणून?" मग बाहेर आली आणि मला म्हणाली, "तुमच्या वडिलांनी लिहून दिलंय असं कळलं. मग तुम्ही कशाला पडताय ह्यात?" मी म्हटलं, "त्यांनी दिलंय म्हणूनच." तिला ते पटलं की नाही माहीत नाही. तिने पाणी दिलं, मी प्यायले आणि निघाले.

बाबा, मी नववीत असताना स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभं करून तुम्ही मला शिकवलं होतं. कीबोर्डवर डॉलरच्या डावीकडे हॅश, म्हणून हॅशने नाव डावीकडून कापायचं. उजवीकडे टक्का, म्हणून टक्क्याने उजवीकडून. आणि व्हेरिएबल, म्हणजे नाव ठेवायचा कप्पा, अवतरणचिन्हांशिवाय मोकळं सोडायचं नाही, कारण आत काय येईल ते आपल्या हातात नसतं. आई म्हणायची, पोरीला जरा कणीक मळू दे. तुम्ही म्हणायचात, हेही तेच आहे, पाणी बेताने. तुम्ही माझ्याशी तेव्हा जसं बोलायचात तसं घरात दुसऱ्या कोणाशी बोलत नव्हतात. दादाशीसुद्धा नाही. त्याचा त्याला राग आहे, तुम्हाला कळलेलं नाही.

हे मी तुम्हाला वितळवायला लिहीत नाहीये. तुम्ही मला जे शिकवलंत ते घेऊनच मी समितीसमोर उभी राहणार आहे, हे सांगायला लिहितेय.

समितीच्या प्रमुख डॉक्टरबाई बाहेरून येणार आहेत. प्रमाणपत्र देणाऱ्याला त्या फोन लावणार आहेत, स्पीकरवर. मला प्रश्न विचारायची परवानगी मागितलीय. एकच विचारीन. काय ते तुम्हाला कळलंच असेल, तयारीला वेळ मिळावा म्हणूनच आधी सांगतेय. मागून वार केला असं व्हायला नको.

तुमची मुलगी

९ मार्च

बाबा,

तुम्हाला फक्त आवाज ऐकू आले असतील, खोली दिसली नसेल. म्हणून सांगते.

मोठं टेबल, मधे तुमचा फोन. म्हणजे फोन डॉक्टरबाईंचा, पण त्यात तुम्ही. एका बाजूला अधीक्षक, एका बाजूला सिस्टर. तिने इस्त्रीचा गणवेश घातला होता, घालायची परवानगी नसताना. मी टेबलाच्या टोकाला, माझ्यासमोर लॅपटॉप. बाई कडक आहेत. आल्या आल्या पंखा बंद करायला लावला, म्हणाल्या, मला सगळ्यांचं नीट ऐकू आलं पाहिजे.

आधी त्यांनी तुमचं प्रमाणपत्र मोठ्याने वाचलं. तुम्ही "हो, माझंच" म्हणालात. तुमचा आवाज बारीक झालाय. तेव्हा अधीक्षक माझ्याकडे बघत होते, त्यांच्या चेहऱ्यावर 'झालं?' असं होतं.

मग बाई मला म्हणाल्या, "तुमचं काय म्हणणं आहे? मला ह्यातलं कळत नाही, पण मी मंद नाही. सावकाश सांगा."

मी सांगितलं, स्क्रिप्टमध्ये नाव ठेवायला एक जागा असते. नवं नाव आलं की ते तिथल्या जुन्या नावाच्या ऐवजी बसतं. मग मी तुम्हाला विचारलं. काय विचारलं ते तुम्ही ऐकलंत, पण मला पुन्हा लिहू दे. "बाबा, ती सातवी ओळ. नाव रिकामं आलं तर rugna मध्ये काय राहतं?"

फोनमधून खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

तेवढ्यात खोलीत काय झालं ते सांगते. अधीक्षक घाईने म्हणाले, "हे तांत्रिक आहे, त्यांचं वय झालंय, त्यांना त्रास देऊ नये." बाईंनी त्यांच्याकडे न बघता हात वर केला, ते थांबले. सिस्टरने डोळे मिटले. मी लॅपटॉपवर बोट ठेवून होते. तुम्ही काहीही बोलला असतात तरी मी पुढचं बटण दाबून सगळ्यांना चुकीचं लेबल दाखवणार होते. माझी तयारी पूर्ण होती. तुम्ही खोटं बोलाल हे धरूनच मी ती केली होती, हेही लिहून टाकते.

आणि तुम्ही म्हणालात, "आधीचं राहतं."

बाई म्हणाल्या, "म्हणजे काय?"

"म्हणजे आधीच्या रुग्णाचं नाव छापलं जाईल." मग तुमचा घसा खाकरल्याचा आवाज. "ती ओळ माझी आहे. माझ्या मुलीने तिला हात लावलेला नाही. मी लिहिली तेव्हा बरोबर होती. मी दिलेला कागद रद्द समजा."

आणि फोन बंद.

अधीक्षक त्या फोनकडे असे बघत राहिले, जणू तो आता चावेल. सिस्टर टेबलावर डोकं ठेवून रडायला लागली, इतकी की इस्त्री पार गेली. डॉक्टरबाईंनी पंखा लावायला सांगितला. मी बटण दाबून लेबलही दाखवलं. गरज नव्हती, पण तयारी केली होती तर वाया कशाला घालवायची. बाईंनी ते लेबल हातात घेऊन दोनदा वाचलं आणि त्यांच्या कागदांत ठेवलं. "ह्या माणसाचं खरं नाव कळलं का पुढे?" त्यांनी विचारलं. कळलंय. शुद्धीवर आला त्याला आठवडा झाला. घरं रंगवतो. सगळ्यांना स्वतःचं नाव सांगत सुटलाय, न विचारता.

माझ्या डोळ्यांत पाणीबिणी आलं नाही. अधीक्षकांनी तसं कोणाला सांगितलं तर खोटं समजा.

त्यानंतर मी तुम्हाला फोन केला. आईने उचलला. "झोपलेत," म्हणाली. भर दुपारी. असू दे.

तुम्ही खरं बोललात म्हणून मी आभार मानणार नाही. खरं बोलणं हे कामच होतं. पण मला ते अपेक्षित नव्हतं, आणि त्याबद्दल मात्र मला स्वतःचाच राग आलाय.

नवी स्क्रिप्ट लिहिलीय, सोबत जोडते. नोंद आली की rugna आधी पुसला जातो. नाव रिकामं असेल तर लेबल छापतच नाही, काउंटरवर घंटी वाजते आणि 'अनोळखी' म्हणून क्रमांक घ्यावा लागतो. वाचा, नाहीतर फाडा.

तुमची मुलगी

२८ मार्च

बाबा,

निकाल आला. सिस्टर कामावर रुजू झाली, नोंदवहीतला ठपका खोडला. खोडलेलं दिसतं, पण बाजूला डॉक्टरबाईंची सही आहे. शिंपी घरी गेला. किल्ली मला परत मिळाली, आणि तिच्यासोबत 'वरिष्ठांना डावलून बोलल्याबद्दल' लेखी समजही मिळाली. ती मी फ्रेम करून लावणार होते, सिस्टरने थांबवलं. अधीक्षक जागच्या जागी आहेत. जिन्यात भेटले की आधी मीच नमस्कार करते, मोठ्या आवाजात. त्यांना आवडत नाही.

आता मुद्द्याचं. दादाच्या फोनवरून काल तुमचा निरोप आला. ना 'प्रिय', ना 'आशीर्वाद', ना माझं काही, ना तुमचं काही. नुसतं, 'नवी फाइल वाचली. बारावी ओळ. नाव म्हणून कोणी नुसती स्पेस दाबली तर ते रिकामं धरलं जाईल का? तपासण्याआधी सगळ्या स्पेस काढ.' आणि खाली एक ओळ कोड, दादाकडून टाइप करून घेतलेला. दादाने त्यात एक अवतरणचिन्ह खाल्लंय, पण तुमचा हात ओळखू येतो.

दादा सांगत होता, तुम्ही माझी छापील फाइल पेन्सिल घेऊन तीन दिवस वाचत होतात. आईने हाक मारली तर म्हणालात, "थांब, पोरीचं बघतोय."

निरोप वाचून पहिल्यांदा मला रागच आला. इतकं सगळं होऊन गेलं, आणि ह्यांना दिसली काय तर माझी चूक! मग काउंटरवर जाऊन नावाच्या रकान्यात नुसती स्पेस दाबली. घंटी वाजली नाही. प्रिंटरने एक कोरं, गुळगुळीत लेबल बाहेर टाकलं. कोणाचंच नाव नसलेलं. ते कुठल्याही नळीला बसलं असतं. मी ते हातात घेऊन तिथेच उभी राहिले. काउंटरवरच्या बाईने विचारलं, "काय झालं, मॅडम? हसताय का?"

तर, तुमचं बरोबर होतं. सरळ लिहून देते, सही करून. तुम्ही पकडलं नसतं तर मी ते पकडलं असतं की नाही, सांगता येत नाही.

पण बाबा, तुम्ही पाठवलेल्या ओळीने फक्त स्पेस निघतात. काउंटरवरची माणसं घाईत टॅबही दाबतात, आणि टॅब तुमच्या ओळीतून साफ निसटतो. मी करून पाहिलं. मी माझ्या ओळीत दोन्ही पकडलेत, आणि फाइल पुन्हा जोडलीय.

आता ह्यात काही सापडतंय का बघा.

तुमची मुलगी